तिसऱ्या नेपोलियनचा मुतखडा आणि ऑपरेशनआधीचे एक इंजेक्शन

तुमच्या घरात कुणाचे तरी मुतखड्याचे किंवा प्रोस्टेटचे ऑपरेशन ठरले आहे. तारीख मिळाली आहे, रजा टाकली आहे, गावाहून मदतीला माणसे यायची आहेत. आणि चार दिवस आधी डॉक्टर सांगतात की लघवीच्या कल्चरमध्ये जंतू निघाले आहेत, आधी औषध देऊ आणि ऑपरेशन पुढे ढकलू. साहजिकच तुम्हाला राग येतो. रुग्णाला ताप नाही, जळजळ नाही, मग थांबायचे कशाला?

किंवा याच्या अगदी उलट घडते. ऑपरेशन नीट पार पडते, घरी सोडतात आणि डिस्चार्जच्या कागदावर अँटिबायोटिकची गोळीच नसते. शेजारच्यांना तर दहा दिवस भारी गोळ्या दिल्या होत्या. मग आपल्या डॉक्टरांकडून काही राहून गेले की काय, अशी शंका मनात येते.

हे दोन्ही प्रश्न आम्हाला जवळजवळ रोज विचारले जातात. त्यांचे उत्तर देण्यासाठी आज तुम्हाला एका रुग्णाची गोष्ट सांगतो. हा रुग्ण फ्रान्सचा सम्राट होता. पैसा, सत्ता आणि त्या काळातले सर्वांत नामांकित डॉक्टर, सगळे त्याच्याजवळ होते. तरीही मूत्राशयातल्या एका खड्यावरच्या उपचारांदरम्यान तो गेला.

कोण होता हा रुग्ण?

शार्ल लुई नेपोलियन बोनापार्ट, म्हणजेच तिसरा नेपोलियन. जन्म २० एप्रिल १८०८, पॅरिस. सुप्रसिद्ध पहिल्या नेपोलियनचा हा पुतण्या. काकाचे साम्राज्य कोसळले तेव्हा तो सात वर्षांचा होता आणि त्यानंतरची बरीच वर्षे देशाबाहेर गेली. तरुणपणी त्याने सत्ता मिळवण्यासाठी दोनदा उठाव केला, १८३६ मध्ये स्ट्रासबुर्गला आणि १८४० मध्ये बुलोन्यला. दोन्ही फसले. दुसऱ्या खेपेस त्याला आम या गावाच्या किल्ल्यात डांबण्यात आले. सहा वर्षांच्या दमट कैदेनंतर मे १८४६ मध्ये तो मजुराचा वेश करून, खांद्यावर फळी घेऊन, पहारेकऱ्यांच्या देखत बाहेर पडला.

१८४८ मध्ये तो फ्रान्सचा अध्यक्ष म्हणून निवडून आला. तीन वर्षांनी त्याने बळाने सर्व सत्ता हाती घेतली आणि २ डिसेंबर १८५२ पासून तो सम्राट झाला. आज आपण चित्रांत पाहतो ते रुंद रस्त्यांचे पॅरिस त्याच्याच कारकिर्दीत घडले. नव्या शहरासाठी पाण्याची आणि सांडपाण्याची मोठी व्यवस्थाही तेव्हाच उभी राहिली.

दुखणे अंगावर काढले

वयाच्या पन्नाशीनंतर त्याला लघवीचा त्रास सुरू झाला. ओटीपोटात कळा, लघवीला वारंवार जाणे, कधी लघवीतून रक्त. घोड्यावर बसले किंवा गाडीचे धक्के बसले की दुखणे वाढे. मूत्राशयात खडा असला की हालचालीने तो आतल्या अस्तरावर घासतो, म्हणून असे होते. आजही दुचाकीवरून खड्ड्यांच्या रस्त्याने गेल्यावर लाल लघवी झाली असे एखादा रुग्ण सांगतो, तेव्हा आम्हाला खड्याचा संशय येतो.

१८६०च्या दशकात हा त्रास वाढत गेला. औषधी पाण्याच्या झऱ्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या विशी गावी तो जाऊन राहत असे. वेदना कमी झाल्या की कामाला लागायचे आणि पुन्हा त्रास झाला की विश्रांती घ्यायची, असे चक्र चालू राहिले. मूत्राशयात सळई घालून खडा आहे का हे पाहणे, ही त्या काळची खात्रीची तपासणी होती. ती नीट करून उपचार ठरवण्याचे मात्र लांबत गेले.

या भीतीला कारणही होते. त्याचा युद्धमंत्री मार्शल नील १८६९ मध्ये मुतखड्याच्या ऑपरेशननंतरच मरण पावला होता. राजवैद्यांपैकी ओग्युस्त नेलातों हे मोठे सर्जन होते. रबराचा जो मऊ कॅथेटर आजही त्यांच्या नावाने ओळखला जातो, तो त्यांचाच. सम्राटाच्या अंगावर उपकरण घालायला त्यांच्यासारखे अनुभवी हातही कचरत होते.

कागदावर राहिलेले निदान

१ जुलै १८७० रोजी पाच डॉक्टरांनी त्याला एकत्र तपासले. त्यांतले जेर्मां से यांनी लेखी अहवाल तयार केला. मूत्राशयात खडा आहे, वरपर्यंत दाह पोहोचलेला आहे आणि तातडीने आतून तपासणी करायला हवी, असा त्याचा आशय होता. पण त्यावर पुढे काहीच झाले नाही. तपासणी लांबणीवर पडली आणि अहवाल कागदावरच राहिला.

तीन आठवड्यांच्या आत, १९ जुलैला, फ्रान्सने प्रशियाविरुद्ध युद्ध पुकारले. बासष्ट वर्षांचा हा आजारी माणूस सैन्याबरोबर निघाला. सेदानच्या लढाईत तासन्‌तास घोड्यावर बसणे त्याच्यासाठी यातना होती. २ सप्टेंबर १८७० रोजी त्याने शरणागती पत्करली आणि सुमारे एक लाख सैनिकांसह तो कैद झाला. युद्ध हरण्याची कारणे अनेक होती, ती एका खड्यावर ढकलता येणार नाहीत. पण निर्णय घेणारा माणूस त्या दिवसांत वेदनेने पिळवटलेला होता, हे खरे.

जर्मनीतली कैद संपल्यावर १८७१ मध्ये तो इंग्लंडला गेला आणि लंडनजवळच्या चिझलहर्स्ट गावात पत्नी आणि मुलासह राहू लागला.

चिझलहर्स्टमधले आठ दिवस

१८७२च्या अखेरीस त्रास असह्य झाला. तेव्हा सर हेन्री थॉम्प्सन यांना बोलावण्यात आले. मुतखड्याच्या उपचारात त्यांचे नाव फार मोठे होते. १८६३ मध्ये त्यांनी बेल्जियमचा राजा पहिला लिओपोल्ड याला याच आजारातून बरे केले होते. पोट न कापता, लघवीच्या मार्गाने चिमट्यासारखे उपकरण आत घालून खडा चिरडायचा आणि तुकडे लघवीवाटे पडू द्यायचे, अशी ती पद्धत होती. पॅरिसच्या सिव्हिआल यांनी १८२४ मध्ये ती पहिल्यांदा रुग्णावर वापरली. आज दुर्बिणीतून लेसरने खडा फोडतात, त्या ऑपरेशनची ही पणजी म्हणता येईल.

पहिले ऑपरेशन २ जानेवारी १८७३ रोजी क्लोरोफॉर्मची भूल देऊन झाले. खडा मोठा होता, एका वेळेस संपणारा नव्हता. दुसऱ्यांदा ६ जानेवारीला तो चिरडला. तिसरी वेळ ९ जानेवारीला दुपारी ठरली होती. त्या दिवशी सकाळी नाडी एकाएकी ढासळली आणि पावणेअकराच्या सुमारास सम्राटाचा मृत्यू झाला.

शवविच्छेदनात दिसले की मूत्राशयात खड्याचा जवळपास अर्धा भाग शिल्लक होता. दोन्ही मूत्रपिंडे बरीच खराब झाली होती, आणि हा बिघाड डॉक्टरांच्या अंदाजापेक्षा खूप जास्त होता. मृत्यूच्या नेमक्या कारणावर त्या वेळी डॉक्टरांमध्येच मतभेद झाले. पण आज कोणताही मूत्ररोग तज्ज्ञ ही हकिगत वाचतो तेव्हा त्याच्या मनात पहिला प्रश्न येतो तो जंतूंचा. वर्षानुवर्षे मूत्राशयात पडलेला खडा, वरपर्यंत पोहोचलेला दाह, थकलेली मूत्रपिंडे, आणि अशा स्थितीत चार दिवसांत दोनदा आत घातलेली उपकरणे.

खडा फोडताना नेमके काय होते?

खड्याच्या खडबडीत पृष्ठभागावर आणि त्याच्या थरांमध्येही जंतू घर करून राहू शकतात. खडा आहे तसा पडून असतो तेव्हा ते बऱ्याचदा गप्प असतात. म्हणूनच रुग्णाला ताप नसतो, जळजळही नसते. पण खडा फोडला की आतले जंतू आणि त्यांचे विष मोकळे होते. उपकरणाने मार्गाच्या अस्तराला बारीक ओरखडे पडतात. दुर्बिणीतून काम करताना पाणी सोडावे लागते, त्याचा दाब वाढला तर हेच जंतू रक्तात ढकलले जातात. मग काही तासांत थंडी वाजून ताप येतो, रक्तदाब घसरतो, लघवी कमी होते. यालाच आपण सेप्सिस म्हणतो. उत्तम हातांनी केलेल्या ऑपरेशननंतरही हे होऊ शकते, कारण धोका आधीपासून लघवीत असतो.

यातला दैवदुर्विलास पाहा. जंतूंचे शास्त्र याच सम्राटाच्या राज्यात आकार घेत होते. फ्रान्सची वाइन का नासते, हे शोधण्याचे काम १८६३ मध्ये त्यानेच लुई पाश्चर यांच्याकडे सोपवले होते. पाश्चर यांनी दाखवून दिले की हा सूक्ष्म जीवांचा उद्योग आहे आणि बेताच्या उष्णतेने तो थांबवता येतो. दूध पाश्चराइज करण्याची पद्धत याच कामातून पुढे आली. लघवी साठून राहिली की तिला अमोनियाचा उग्र वास येतो, तोही जंतूंमुळेच, हेही त्याच दशकात पुढे येत होते. काही जंतू लघवीतल्या युरियापासून अमोनिया बनवतात आणि त्यातून खडे झपाट्याने वाढतात, हे आज आपल्याला माहीत आहे. जोसेफ लिस्टर यांनी जखमा निर्जंतुक ठेवण्याची पद्धत १८६७ मध्ये प्रसिद्ध केली होती. पण १८७३ पर्यंत अनेक सर्जनांना ती पटली नव्हती.

आणि पटली असती तरी हातात साधने कुठे होती? जंतू वेगळे वाढवून ओळखण्याची सोपी रीत रॉबर्ट कॉख यांनी १८८१ मध्ये दाखवली. क्ष-किरणांचा शोध १८९५ चा. पेनिसिलीन अलेक्झांडर फ्लेमिंग यांना १९२८ मध्ये सापडले. थॉम्प्सन यांना सम्राटाची मूत्रपिंडे दिसत नव्हती, लघवीतला जंतू ओळखता येत नव्हता, आणि ओळखला असता तरी तो मारणारे औषध अस्तित्वात नव्हते.

तुमच्या रुग्णासाठी आज काय वेगळे आहे?

फरक औषधांचा तर आहेच, पण त्याहून मोठा फरक आहे तो क्रमाचा. आधी शोधायचे, मग औषध, मग ऑपरेशन, आणि मग औषध थांबवायचे. मार्गदर्शक तत्त्वे म्हणजे हाच क्रम लिहून ठेवलेला.

पहिली पायरी: लघवीचे कल्चर. मुतखडा फोडणे किंवा प्रोस्टेट काढणे अशा, मार्गाच्या अस्तराला इजा होणाऱ्या ऑपरेशनआधी हे कल्चर करतात. जंतू निघाले तर त्यांच्यावर चालणारे औषध आधी देतात. रुग्णाला काहीच त्रास नसला तरी या प्रसंगी उपचार गरजेचे असतात. म्हणून तारीख पुढे जाते. येथे एक गोष्ट लक्षात ठेवा. ऑपरेशन करायचे नसेल आणि त्रासही नसेल, तर केवळ कल्चरमध्ये जंतू दिसले म्हणून बहुतेक लोकांना औषधाची गरज नसते. गरोदर स्त्रिया याला अपवाद आहेत.

दुसरी पायरी: अडकलेली घाण आधी बाहेर काढणे. खड्याने मूत्रपिंडाचा मार्ग अडला असेल आणि मागे पू साठला असेल, तर खडा लगेच फोडत नाहीत. आत डीजे स्टेंट टाकून किंवा पाठीतून नळी घालून पू काढून देतात, औषधे चालू करतात आणि खड्याला नंतर हात लावतात. दोनदा ऑपरेशन थिएटरमध्ये जावे लागले म्हणून नातेवाईक नाराज होतात. पण सम्राटाच्या नशिबी नसलेली हीच ती संधी आहे.

तिसरी पायरी: वेळेवर दिलेला डोस. प्रतिबंधक अँटिबायोटिक ऑपरेशनच्या आधी, साधारण तासाभरात शिरेतून देतात. काही औषधे हळूहळू द्यावी लागतात, ती थोडी आधी सुरू करतात. असे का? १९६१ मध्ये जॉन बर्क या सर्जनने गिनीपिगवर प्रयोग केले. जंतू शिरण्याच्या आधी किंवा त्याच सुमारास दिलेले औषध उपयोगी पडले, पण तीन तास उशिरा दिलेल्या औषधाचा फायदा उरला नाही. पुढे १९९२ मध्ये अमेरिकेत २,८४७ रुग्णांच्या अभ्यासात, ऑपरेशनच्या आधीच्या दोन तासांत औषध मिळालेल्यांमध्ये जखमेचा संसर्ग सर्वांत कमी आढळला. जंतू येतील तेव्हा रक्तात औषध हजर हवे, इतका साधा हा हिशेब आहे.

चौथी पायरी: थांबणे. लघवीत जंतू नसतील आणि ऑपरेशन सुरळीत झाले असेल, तर बहुतेक वेळा एकच डोस पुरतो. गरज पडलीच तर चोवीस तासांपर्यंत देतात. ऑपरेशन संपल्यावर केवळ प्रतिबंध म्हणून अँटिबायोटिक चालू ठेवू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये स्पष्ट सांगितले आहे. साधी दुर्बीण तपासणी किंवा बाहेरून ध्वनिलहरींनी खडा फोडणे, यांसाठी तर लघवी स्वच्छ असल्यास बहुतेकांना एक डोसही लागत नाही.

जास्त दिले तर बिघडते काय?

सम्राटाच्या काळात औषध नव्हते, हे दुःख होते. आपल्या काळातले दुःख वेगळे आहे: औषध आहे, पण ते निरुपयोगी होत चालले आहे. आपल्याकडे लघवीच्या संसर्गात सर्वाधिक आढळणारा ई. कोलाय हा जंतू एके काळच्या नेहमीच्या गोळ्यांना आता अनेकदा दाद देत नाही. विनाकारण घेतलेली प्रत्येक गोळी आतड्यातले दुबळे जंतू मारते आणि चिवट जंतूंना मोकळे रान देते. पुढच्या ऑपरेशनच्या वेळी तेच चिवट जंतू लघवीत येऊन बसतात. तुमच्या रुग्णाला खडे पुन्हा होण्याची प्रवृत्ती असेल, तर ही पुढची वेळ नक्की येऊ शकते.

शिवाय जुलाब, अंगावर पुरळ, मूत्रपिंडावर ताण असे त्रास आहेतच. आणि कॅथेटर आहे तोवर गोळ्या चालू ठेवल्या की संसर्ग टळतो, हा समज चुकीचा आहे. कॅथेटर जितके दिवस राहील तितके त्यात जंतू येत राहतात, आणि गोळ्या चालू असतील तर येणारे जंतू अधिक चिवट असतात. कॅथेटर लवकर काढणे हाच खरा उपाय.

तुम्ही काय करायचे?

- ऑपरेशन ठरताना लघवीचे कल्चर झाले का आणि त्यात काय निघाले, ते विचारा. जुने रिपोर्ट सोबत ठेवा.
- गेल्या काही महिन्यांत घेतलेली अँटिबायोटिके, झालेली अॅलर्जी, मधुमेह, हृदयाची कृत्रिम झडप, रक्त पातळ करणारी गोळी, आधी बसवलेला स्टेंट किंवा कॅथेटर, हे सर्व न विसरता सांगा.
- ऑपरेशनच्या दिवशी भूलतज्ज्ञांना किंवा सिस्टरांना प्रतिबंधक डोसबद्दल विचारा. असे विचारणे म्हणजे अविश्वास नव्हे.
- कल्चरमध्ये जंतू आल्यामुळे उपचार सुरू झाला असेल, तर सांगितलेला कोर्स पूर्ण करा. प्रतिबंधक डोस आणि उपचाराचा कोर्स या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.
- पाकिटावर लाल उभी रेघ असलेली गोळी डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका. उरलेल्या गोळ्या पुढच्या वेळेसाठी जपून ठेवू नका.
- स्टेंट टाकला असेल तर काढण्याची तारीख कॅलेंडरवर लिहा.
- घरी आल्यावर थंडी वाजून ताप आला, लघवी बंद किंवा फार कमी झाली, कमरेत जोराचे दुखू लागले, रुग्ण गोंधळल्यासारखा बोलू लागला, तर सकाळची वाट पाहू नका. घरची गोळी देऊन ताप दाबू नका. रात्र असली तरी रुग्णालयात न्या.

मधुमेह असलेल्या, वयस्क किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेल्या रुग्णांसाठी डॉक्टर यापेक्षा वेगळा निर्णय घेऊ शकतात. मोठ्या खड्याचे पाठीतून ऑपरेशन असेल, तरीही तसे होऊ शकते. तो निर्णय त्यांच्याकडून समजून घ्या, शेजाऱ्याच्या चिठ्ठीशी तुलना करून ठरवू नका.

तिसऱ्या नेपोलियनच्या आयुष्यात तपासणी वर्षानुवर्षे टळली, लेखी निदानावर काही झाले नाही, आणि उपचार सुरू झाले तेव्हा मूत्रपिंडे आतून हरली होती. एवढ्या मोठ्या सत्ताधीशाला जे मिळाले नाही, ते आज तुम्हाला लघवीच्या एका छोट्या डबीत मिळते. ती डबी वेळेवर लॅबमध्ये द्या. रिपोर्ट येईपर्यंत थांबा. आणि त्या रिपोर्टमुळे तारीख आठवडाभर पुढे गेली, तर तो आठवडा वाया गेला असे समजू नका.